मोटारीची पारख : मालकांच्या तक्रारी आणि ‘परत बोलावणे’ यांचा अर्थ

(ग्राहक दिनानिमित्त शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. ज्या मोटारीची किंमत पन्नास लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत, किंबहुना त्याहूनही पुढे जाते, त्या आलिशान एस. यू. व्ही.ची पारख कशी करावी हे शिक्षकांना, शेतकऱ्यांना आणि कचेरीतील कर्मचाऱ्यांना कशासाठी सांगावयाचे? अशी नवी मोटार घेण्याचा योग आपल्यापैकी फारच थोड्यांना येईल. तरीही हा विषय मी बुद्ध्याच निवडला आहे. या मोटारींच्या बाबतीत किंमत, नाव आणि जाहिरात यांचा मनावरील पगडा सर्वांत अधिक असतो. तेथे डोळसपणे पारख करण्याची रीत एकदा समजली, की तीच रीत ट्रॅक्टर, दुचाकी, शाळेची बस किंवा विहिरीवरचा पंप यांनाही लावता येते. शिवाय अशा मोटारी काही वर्षांनी वापरलेल्या म्हणून पुष्कळ कमी किमतीत बाजारात येतात, आणि ‘एवढ्या नामांकित कंपनीची गाडी इतक्या स्वस्तात’ या मोहाला बळी पडणारा माणूस बहुधा मध्यम स्थितीतलाच असतो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा अनुभव त्याच्या वाट्याला येऊ नये, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

दोन प्रकारचा पुरावा

जाहिरात बाजूला ठेवली, तर मोटारीविषयी दोन प्रकारचा पुरावा आपल्या हाती येऊ शकतो. पहिला म्हणजे ती मोटार प्रत्यक्ष वापरणाऱ्या मालकांच्या तक्रारी. दुसरा म्हणजे सुरक्षिततेच्या दृष्टीने दोष आढळल्यामुळे उत्पादकाने विकलेली वाहने विनामूल्य दुरुस्तीसाठी परत बोलावणे. यालाच ‘रिकॉल’ असे म्हणतात आणि हा शब्द आता आपल्याकडेही रूढ झाला आहे.

या बाबतीतली बहुतेक उदाहरणे मी अमेरिकेतील देणार आहे. राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये मोटारींच्या असुरक्षित रचनेवर टीका करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यानंतर १९६६ मध्ये तेथे वाहनसुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला आणि १९७० मध्ये राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन ही संस्था अस्तित्वात आली. कोणताही मालक या संस्थेकडे तक्रार नोंदवू शकतो. तक्रारी व परत बोलावण्याचे आदेश यांचे दफ्तर तेथे सर्वांना खुले असल्यामुळे पुराव्याचा अर्थ कसा लावावा, आणि कसा लावू नये, या दोन्ही गोष्टींचे धडे त्यातून मिळतात.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. विश्वासार्हता आणि सुरक्षितता या एकच गोष्टी नव्हेत. वारंवार बंद पडणारी, पण कोणाच्या जिवाला अपाय न करणारी मोटार अविश्वसनीय असते. उलट वर्षानुवर्षे विनातक्रार धावणारी मोटार एखाद्या वळणावर घातक ठरू शकते. तक्रारींवरून मुख्यतः पहिल्या गुणाचा अंदाज येतो, परत बोलावण्यावरून मुख्यतः दुसऱ्याचा. या दोहोंची सरमिसळ केल्यास निष्कर्ष चुकतो.

शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपण म्हणतो. पातेल्यातील सर्व तांदूळ एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेले असतात, म्हणून तेथे ते योग्यच आहे. मोटारीच्या तक्रारींचे तसे नसते. ज्याला त्रास झाला तो बोलतो. ज्याला झाला नाही तो गप्प राहतो. शेजाऱ्याची गाडी दोनदा बंद पडली, एवढ्यावरून त्या जातीच्या सर्व गाड्या वाईट ठरत नाहीत आणि मेहुण्याची गाडी दहा वर्षे उत्तम चालली म्हणून त्या सर्व उत्तम ठरत नाहीत.

म्हणून पहिला प्रश्न विचारावयाचा तो असा, की तक्रारी किती गाड्यांमागे किती? समजा, एका जातीच्या ४,००० गाड्या विकल्या गेल्या व ४० तक्रारी आल्या; दुसऱ्या जातीच्या २,००,००० विकल्या गेल्या व २०० तक्रारी आल्या. वर्तमानपत्रात २०० हा आकडा मोठा दिसेल. परंतु पहिल्या गाडीच्या तक्रारी शंभरात एक आहेत, दुसऱ्या गाडीच्या हजारात एक. पाचवीतील विद्यार्थीही हे गणित करू शकेल. मोठी माणसे मात्र ते करावयास विसरतात. आलिशान मोटारी थोड्या संख्येने विकल्या जातात, त्यामुळे त्यांच्या तक्रारींचा आकडा लहान दिसतो आणि त्यावर समाधान मानले जाते.

मालकांची पद्धतशीर पाहणी करणाऱ्या संस्था याच कारणासाठी ‘शंभर गाड्यांमागे किती अडचणी’ असे माप वापरतात. १९६८ मध्ये स्थापन झालेली जे. डी. पॉवर ही संस्था तीन वर्षे वापरलेल्या गाड्यांची अशी मोजणी करीत आली आहे. १९३६ पासून चालत आलेली ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ ही ग्राहकसंस्था जाहिराती स्वीकारत नाही, चाचणीसाठीच्या मोटारी स्वतः बाजारातून विकत घेते आणि सभासदांकडून दरवर्षी त्यांच्या गाड्यांचा अनुभव मागविते. अशा पाहणीत समाधानी मालकालाही विचारले जाते, आणि तक्रारवहीत नेमकी हीच उणीव असते.

दुसरा प्रश्न तक्रारीच्या स्वरूपाचा. अलीकडच्या वर्षांतील या पाहण्यांत पडदा, फोनची जोडणी, आवाजी आज्ञा अशा करमणुकीच्या व संपर्काच्या यंत्रणेविषयीच्या अडचणींनी मोठा वाटा उचलला आहे. आलिशान गाडीत असली साधने अधिक, म्हणून बिघडण्याच्या जागाही अधिक. पडदा मधूनच काळा होणे आणि ब्रेक न लागणे या दोन्हींची नोंद ‘एक तक्रार’ अशीच होते. खरेदीदाराने मात्र त्या एकाच तागडीत घालू नयेत. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, स्टिअरिंग व इंधनाची नळी यांच्या तक्रारी निराळ्या काढून मोजाव्यात.

तक्रारींमधील सूत्र

संख्येहूनही महत्त्वाचे असते ते तक्रारींमधील साम्य. तोच भाग, तोच कारखाना, तेच हवामान, तेवढेच अंतर असे सूत्र दिसू लागले, की थोड्या तक्रारीही मोठी सूचना देतात.

फोर्ड कंपनीची ‘एक्सप्लोरर’ ही एस. यू. व्ही. १९९० नंतर अमेरिकेत अतिशय लोकप्रिय झाली. तिच्यावर बसविलेल्या फायरस्टोन टायरांचा जमिनीला घासणारा वरचा पट्टा भर वेगात सुटून येत असे आणि गाडी उलटत असे. एकेक अपघात सुटा पाहिला तर टायर फुटल्याची नेहमीची घटना वाटे. १९९८ मध्ये एका विमा कंपनीतील विश्लेषकाला भरपाईच्या दाव्यांमध्ये याच टायरांची नावे पुनःपुन्हा दिसली आणि त्याने २१ घटनांची माहिती सुरक्षा प्रशासनाला कळविली. तिची तेव्हा दखल घेतली गेली नाही. १९९९ मध्ये सौदी अरेबियात फोर्डने असे टायर बदलून देण्यास प्रारंभ केला, पण अमेरिकेतील प्रशासनाला त्याची कल्पना दिली नाही. अखेर ९ ऑगस्ट २००० रोजी सुमारे ६५ लाख टायर परत बोलावण्याची घोषणा झाली. अपघात विशेषतः टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडा अशा उष्ण राज्यांत घडले होते. या टायरांशी निगडित मृत्यूंची प्रशासनाने केलेली नोंद २७१ पर्यंत गेली. त्याच वर्षी १ नोव्हेंबर रोजी तेथे नवा कायदा झाला आणि परदेशातील अशा मोहिमांची, तसेच मृत्यू, इजा व भरपाईचे दावे यांची माहिती वेळीच प्रशासनाला देणे उत्पादकांवर बंधनकारक झाले. कागद अनेक कचेऱ्यांत होते. ते एकत्र लावून पाहण्यास उशीर झाला, आणि त्या उशिराची किंमत माणसांनी दिली.

साप म्हणून भुई धोपटणे

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नोव्हेंबर १९८६ मध्ये एका प्रसिद्ध दूरचित्रवाणी कार्यक्रमात ‘ऑडी ५०००’ ही मोटार आपोआप वेग घेते असे दाखविण्यात आले. त्यानंतर तशा तक्रारींचा पूर आला. सुरक्षा प्रशासनाने चौकशी करून १९८९ मध्ये निष्कर्ष काढला, की अशा घटनांचे प्रमुख कारण म्हणजे ब्रेकऐवजी चुकून ॲक्सिलरेटरवर पडलेला पाय. तोपर्यंत व्हावयाची ती हानी होऊन गेली होती. अमेरिकेत १९८५ मध्ये ऑडीच्या ७४,०६१ मोटारी विकल्या गेल्या होत्या. १९९१ मध्ये हा आकडा १२,२८३ वर आला. यावरून बोध असा, की तक्रारींची तारीख अवश्य पाहावी. बातमी येण्यापूर्वीच्या तक्रारी आणि बातमीनंतरच्या तक्रारी यांचे वजन सारखे नसते.

तक्रार नाही, म्हणून दोष नाही?

आता प्रत्यक्ष आलिशान एस. यू. व्ही.चे उदाहरण पाहू. टोयोटाची ‘लेक्सस’ ही महाग मोटारींची शाखा विश्वासार्हतेसाठी नावाजलेली आहे. तिची ‘जी. एक्स. ४६०’ ही गाडी २०१० मध्ये नवी होती. कन्झ्युमर रिपोर्ट्सच्या अभियंत्यांनी चाचणीच्या मार्गावर ती वेगात वळणावर नेली आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. अशा वेळी गाडी घसरू न देण्याचे काम संगणकावर चालणारी स्थैर्य-नियंत्रण यंत्रणा करते. ती यंत्रणा जागी होईपर्यंत या गाडीचा मागचा भाग इतका बाहेर फेकला गेला, की गाडी जवळजवळ आडवी झाली. रस्त्यावर असे घडले आणि चाक कडेच्या दगडाला अडले, तर उंच गाडी उलटण्याचा धोका असतो. १३ एप्रिल २०१० रोजी संस्थेने ‘ही गाडी घेऊ नका’ असा इशारा प्रसिद्ध केला. असा इशारा तिने त्यापूर्वी २००१ मध्ये एका जपानी एस. यू. व्ही.ला दिला होता.

या दोषामुळे कोणाला इजा झाल्याची माहिती त्या वेळी संस्थेपाशी नव्हती. मालकांच्या तक्रारींवरून हा दोष कधीच उघड झाला नसता, कारण एवढ्या वेगात त्या रीतीने वळण घेण्याचा प्रसंग रोज येत नाही, आणि ज्याच्यावर येतो तो तक्रार करावयास उरेलच असे नाही. पुढे काय झाले, तेही तितकेच बोधप्रद आहे. कंपनीने त्याच दिवशी विक्री थांबविली, आठवड्याच्या आत अमेरिकेतील सुमारे ९,४०० गाड्या परत बोलावल्या आणि स्थैर्य-यंत्रणेची संगणकीय आज्ञावली बदलून दिली. संस्थेने पुन्हा चाचणी घेऊन ७ मे रोजी इशारा मागे घेतला. हीच जी. एक्स. ४६० पुढील अनेक वर्षे मालकांच्या पाहणीत अत्यंत भरवशाची गाडी म्हणून गणली गेली. ‘परत बोलावली गेली, म्हणजे वाईट’ असा शिक्का मारून जो मोकळा झाला असता, त्याने एका चांगल्या गाडीविषयी चुकीचे मत करून घेतले असते.

परत बोलावण्याचे वाचन

मग परत बोलावण्याच्या यादीवरून काय पाहावे? पहिली गोष्ट म्हणजे दोष कोणाचा. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधील वायू सोडणारे भाग फुटून धातूचे तुकडे प्रवाशांना लागत. होंडाने २००८ मध्ये सुमारे ४,००० मोटारी परत बोलावल्या, तेथून हे प्रकरण वाढत जाऊन एकट्या अमेरिकेत १९ उत्पादकांच्या वाहनांतील सुमारे ६ कोटी ७० लाख भागांपर्यंत पोहोचले. बी. एम. डब्ल्यू., मर्सिडीज यांच्यासारखी नावे त्यात आली, आणि वर सांगितलेली जी. एक्स. ४६०सुद्धा आली. एकच भाग अनेकांनी विकत घेतलेला असल्यामुळे या यादीवरून अमुक मोटारीची बांधणी वाईट, असे ठरत नाही. त्या भागातील अमोनियम नायट्रेट उष्ण व दमट हवेत वर्षानुवर्षे राहिल्याने बिघडत असे, म्हणून अमेरिकेत फ्लोरिडासारख्या दमट प्रदेशातील गाड्यांना दुरुस्तीत अग्रक्रम मिळाला. भारतातही होंडाने याच कारणासाठी मोटारी परत बोलावल्या. गोवा व कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. आपल्याकडील हवा याच जातीची आहे, आणि जुनी गाडी दुरुस्तीवाचून राहिली असेल तर धोका काळाबरोबर वाढत जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे तोच दोष पुनःपुन्हा निघतो काय. टोयोटाने सप्टेंबर २००७ मध्ये पायाखालच्या ५५,००० रबरी मॅट परत बोलावल्या, कारण त्यांत ॲक्सिलरेटरचा पेडल अडकत असे. २००९ मध्ये त्याच कारणासाठी ३८ लाख वाहने आली. फेब्रुवारी २०११ मध्ये आणखी वीस लाखांवर वाहने आली. त्यांत लेक्ससच्या काही एस. यू. व्ही. होत्या. एकदाच व पूर्ण केलेली दुरुस्ती विश्वास वाढविते. हप्त्याहप्त्याने केलेली दुरुस्ती ‘उत्पादकाने पहिल्या वेळी दोषाचे मूळ शोधले नव्हते काय?’ असा प्रश्न निर्माण करते. या व पेडल चिकटण्याच्या दोषाविषयी ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल मार्च २०१४ मध्ये टोयोटाला अमेरिकेत १२० कोटी डॉलरचा दंड भरावा लागला. तिसरी गोष्ट म्हणजे आपल्यासमोर उभ्या असलेल्या नेमक्या गाडीची दुरुस्ती झाली आहे काय. यादीतील दुरुस्ती आणि गाडीतील दुरुस्ती यांत अंतर असू शकते.

एक तोंडी तक्रार

२८ ऑगस्ट २००९ रोजी कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ लेक्सस कंपनीची एक मोटार भरधाव गेली आणि तीतील चौघेही जण ठार झाले. त्यांची स्वतःची गाडी दुरुस्तीला दिलेली असल्यामुळे विक्रेत्याने ही मोटार तात्पुरती वापरावयास दिली होती. चौकशीत आढळले, की तिच्यात लेक्ससच्याच एका एस. यू. व्ही.ची मोठी रबरी मॅट घातलेली होती व तीत ॲक्सिलरेटर अडकला होता. याहून हृदयद्रावक गोष्ट अशी, की काही दिवसांपूर्वी तीच मोटार वापरलेल्या दुसऱ्या ग्राहकाच्या बाबतीतही पेडल मॅटखाली अडकला होता. त्याने प्रसंगावधान राखून गाडी थांबविली आणि गाडी परत देताना स्वागतकक्षात तसे सांगितलेही. ते सांगणे हवेत विरले. मॅट काढण्यास एक मिनिटही लागले नसते.

तक्रार ही केवळ भरपाई मागण्यासाठी नसते. आपल्यानंतर त्याच आसनावर बसणाऱ्या अनोळखी माणसाला दिलेली ती सूचना असते. म्हणून ती लेखी द्यावी, तिची पोच घ्यावी, आणि ती घेणाऱ्याने तिला वाटाण्याच्या अक्षता लावू नयेत. जे बंधू कचेरीच्या खिडकीपलीकडे बसतात त्यांनाही माझी हीच विनंती आहे.

आपल्याकडील तरतूद

भारतात वाहन उत्पादकांच्या संघटनेने २०१२ मध्ये स्वेच्छेने परत बोलावण्याची संहिता स्वीकारली. त्यानंतर मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ अन्वये कलम ११०-अ आले आणि सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र शासनास मिळाला. यासंबंधीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतील वाहनांना ते लागू असून वार्षिक विक्रीच्या मानाने किती तक्रारी आल्या असता कारवाई व्हावी, हे त्यांत ठरवून दिले आहे. म्हणजे आपण मघाशी केलेले भागाकाराचे गणित आता नियमांतही आले आहे. त्याचा अर्थ उघड आहे. नोंदविलेली तक्रारच मोजली जाते. चहाच्या टपरीवर केलेली तक्रार कोणत्याही हिशेबात येत नाही.

खरेदीदाराने काय करावे

मोटार नवी असो वा वापरलेली, पुढील गोष्टी कराव्यात. केवळ कंपनीचे नाव पाहू नये. तीच जात व तेच उत्पादनवर्ष यांची माहिती घ्यावी, कारण नव्या रचनेच्या पहिल्या वर्षाच्या गाड्यांत उणिवा अधिक राहण्याचा संभव असतो. तक्रारी वाचताना भाग, अंतर, तारीख आणि गांभीर्य यांचे चार रकाने आखून नोंद करावी. नोंदणी पुस्तकातील सतरा अक्षर-अंकांचा चासी क्रमांक घेऊन अधिकृत सेवा केंद्रात चौकशी करावी आणि परत बोलावण्याची कोणती दुरुस्ती राहिली आहे काय, ते पाहावे. राहिली असल्यास ती पूर्ण करून घेतल्यावाचून व्यवहार करू नये. वापरलेल्या आलिशान गाडीच्या सुट्या भागांची किंमत आधी विचारावी. गाडी जुनी झाली, तरी भाग स्वस्त होत नाहीत. आणि आपल्या गाडीत दोष आढळल्यास विक्रेता, उत्पादक व आवश्यक तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तो नोंदवावा.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. विद्यार्थ्यांना शाळेच्या बसची एक वही ठेवावयास सांगा. बस कोणत्या तारखेला, कोठे, कशामुळे थांबली, एवढेच तीत लिहावे. वर्षअखेर ती वही वर्गात उघडली, की शेकडेवारीचा धडा आपोआप होईल. आणि ब्रेकविषयीची नोंद तीन वेळा दिसली, तर वर्षअखेरची वाट न पाहता ती त्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या मेजावर गेली पाहिजे.